फ्लॉरेन्समधला जुना दानधर्म नक्की कोणासाठी होता?

कऱ्हाकाठची

नमस्कार मंडळी, मार्चमध्ये आईबाबांना घेऊन इटलीला जाऊन आले. फ्लॉरेन्समध्ये डेव्हिडचा पुतळा, उफीत्सी, तो दुकानांचा पूल हे सगळं झालंच, पण माझ्या डोक्यात राहिल्यात त्या दोन वेगळ्याच जागा. एक म्हणजे ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती, म्हणजे तिथला जुना अनाथाश्रम. ब्रुनेल्लेस्कीने 1419 मध्ये काम सुरू केलेली इमारत, समोर लांबच लांब कमानींची पडवी आणि दोन कमानींच्या मधे वरती निळ्या गोलात दुपट्यात गुंडाळलेली पांढरी बाळं. पडवीच्या डाव्या टोकाला एक जाळीची खिडकी आहे, तिथून लोक रात्री तान्हं बाळ आत सरकवून निघून जायचे. दुसरी जागा कवी दांतेच्या घराजवळची सान मार्तिनोची एवढीशी प्रार्थनाखोली, दहाबारा माणसं आत आली की गर्दी वाटावी एवढी. बाहेर भिंतीत दगडाची पैसे टाकायची फट, वर कोरून लिहिलंय की हे दान लाजेखातर हात न पसरणाऱ्या गरिबांसाठी आहे.

तर माझे प्रश्न असे. एवढे पैसे यायचे कुठून, आणि देणाऱ्यांच्या मनात काय असायचं? हे सगळे सावकारी करणारे, लोकर नि रेशमाचे व्यापारी, आणि व्याज घेणं तर तेव्हा चर्चच्या मते पाप. मग हा दानधर्म म्हणजे पाप धुवायची फी होती का? आणि मदत मिळायची कोणाला? गाईड म्हणाली की सान मार्तिनोवाले रस्त्यावरच्या भिकाऱ्याला द्यायचे नाहीत, एकेकाळी बरं चाललेलं आणि आता हलाखी आलेल्या घरांनाच गुपचूप द्यायचे. आईला ते अजिबात पटलं नाही, ती म्हणाली गरिबातही ह्यांनी वरचे-खालचे केलेच ना. मला तिचं म्हणणं बरोबर वाटतंय पण त्या प्रार्थनाखोलीतली भिंतीवरची चित्रं बघितल्यावर एवढ्यावर सोडून देता येत नाहीये. कोणी ह्यावर वाचलंय का?

जमाखर्च

छान विषय काढलात. मी अकाउंट्सवाला माणूस आहे त्यामुळे माझी सुरुवात वह्यांपासूनच होणार.

त्या काळातल्या फ्लॉरेन्सच्या मोठ्या पेढ्या, बार्दी, पेरुत्सी वगैरे, ह्यांच्या खातेवहीत एक खातं देवाच्या नावाने असायचं. म्हणजे देव हा चक्क भागीदार, त्याच्या वाट्याचा नफा गरिबांना. ते दिखाव्यासाठी नव्हतं, हिशोबात धरलेलं असायचं. आणि मरताना मृत्युपत्रात आयुष्यभर घेतलेलं व्याज परत करायची तरतूद करायचे, ज्याचं घेतलं तो सापडला तर त्याला नाहीतर गरिबांना. त्यामुळे तुमचा फीवाला मुद्दा एका अर्थी खराच आहे, त्यांना नरकाची भीती मनापासून होती.

पण एक माणूस नीट बघा, फ्रान्चेस्को दातिनी, शेजारच्या प्रातो गावचा व्यापारी. 1348 च्या प्लेगमध्ये आईबाप आणि भावंडं गेली, हा आणि एक भाऊ उरले, गावातल्या एका बाईने सांभाळलं. पोरगा आविन्योंला गेला, शस्त्रं विकली, कापड विकलं, गडगंज होऊन तीसेक वर्षांनी परत आला. त्याच्या वह्यांवर पहिल्या पानावर काय लिहिलेलं असायचं माहितीये? देवाच्या आणि नफ्याच्या नावाने. दोन्ही एका ओळीत! बायकोपासून मूल नाही. घरातल्या लुचीया नावाच्या गुलाम बाईपासून एक मुलगी झाली, जिनेव्हरा, तिला पुढे घरात आणून वाढवलं, बायको मार्गेरिताने तिचं सगळं केलं, आणि भरपूर हुंडा देऊन लग्न लावून दिलं.

त्याचा एक मित्र होता, लापो मात्सेई, नोटरी. हा लापो वर्षानुवर्षं पत्रं लिहून त्याच्या मागे लागला की बाबा रे पैसा पैसा किती करशील, गरिबांचं काहीतरी कर. 1410 मध्ये दातिनी वारला तेव्हा त्याने जवळजवळ सगळी इस्टेट, सत्तर हजार फ्लोरिनच्या (तिथलं सोन्याचं नाणं) आसपास, प्रातोच्या गरिबांसाठीच्या एका निधीला ठेवली. आणि अट काय, तर ह्यावर बिशपची किंवा चर्चची काडीची सत्ता चालणार नाही, गावाने निवडलेले नागरिक कारभार बघतील. त्याच मृत्युपत्रात 1000 फ्लोरिन फ्लॉरेन्समध्ये टाकलेल्या मुलांसाठी नवीन घर काढायला ठेवले होते. तुम्ही बघितलेल्या त्या पडवीचं बी ते! पुढे रेशीमवाल्यांच्या गिल्डने, म्हणजे त्या धंद्यातल्या मालकांच्या संघटनेने, काम अंगावर घेतलं, जागा घेतली, ब्रुनेल्लेस्कीला बोलावलं.

म्हणजे पापाची भीती होतीच, पण ज्याला फक्त फी भरायची आहे तो चर्चला पैसे देऊन मोकळा होतो. दातिनीने विश्वस्त, हिशोब, देखरेख सगळं बांधून दिलं. मला तो माणूस आवडतो असं नाही, पण त्याचं हे काम मी फार मोठं मानतो. त्याची दीड लाखाच्या आसपास पत्रं त्याच्याच घरातल्या जिन्याखालच्या कोनाड्यात शेकडो वर्षं पडून होती, एकोणिसाव्या शतकात सापडली, म्हणून आपल्याला हे सगळं कळतंय.

खडूफळा

जमाखर्च, तुमचा प्रतिसाद आवडला पण नागरिकांनी चालवलं म्हणजे चांगलं चाललं असं नाही हो. ओरसानमिकेले घ्या. धान्यबाजाराची जागा, तिथे मेरीमातेचं एक चित्र चमत्कारी मानायचे म्हणून 1291 मध्ये लोकांनी मंडळी स्थापन केली, गोळा झालेला पैसा गरिबांना वाटायचा. 1348 चा प्लेग आला, घरंच्या घरं गेली, मरता मरता लोकांनी सगळं ह्या मंडळीला लिहून दिलं. मत्तेओ विल्लानी म्हणून त्याच काळातला बखरकार, तो आकडा लिहितो साडेतीन लाख फ्लोरिन. म्हणजे त्या वर्षी शहरातला गरीब मेला आणि गरिबांचा पैसा मात्र अफाट झाला. मग त्याचं काय केलं? कारभाऱ्यांवर आरोप झाले, सरकारने त्यातून हात मारला, आणि भलामोठा भाग गेला त्या चित्राभोवती संगमरवरी देव्हारा उभारण्यात, ओर्कान्याने 1359 मध्ये पुरा केला. सुंदर आहे, मान्य, पण मला तो बघताना त्रास होतो. ते पैसे भाकरीसाठी दिले होते लोकांनी.

आणि हे दानशूर गिल्डवाले कामगारांशी कसे वागायचे तेही बघा. लोकर पिंजणाऱ्या मजुराला गिल्डमध्ये जागा नाही, त्यांनी स्वतःची संघटना काढायची नाही, वर गिल्डचा स्वतःचा अधिकारी, तो मजुरांना शिक्षा करणार. 1378 मध्ये ह्याच मजुरांनी उठाव केला, चिओम्पीचा उठाव म्हणतात त्याला, थोडे दिवस राज्य हातात आलं, स्वतःचं गिल्ड मिळालं, आणि 1382 पर्यंत सगळं काढून घेतलं. मजुरी वाढवायची नाही आणि मग सणाला पाव वाटायचे, ह्याला मी दान म्हणायला तयार नाही. काकूंचा राग मला पूर्ण पटतो.

निशिगंधा

कऱ्हाकाठची, मी बालकल्याणच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे इन्नोचेंतीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही, लांबलं तर समजून घ्या.

1445 च्या जानेवारीत दार उघडलं आणि 5 फेब्रुवारीला पहिलं बाळ आलं, मुलगी. त्या दिवशी संत आगाथाचा सण म्हणून तिचं नाव ठेवलं आगाता झ्मेराल्दा. हे आपल्याला माहीत आहे कारण पहिल्या दिवसापासून वही आहे. मूल कुठल्या दिवशी कुठल्या वेळी आलं, कोणी आणलं, अंगावर काय होतं, सोबत काही चिठ्ठी होती का, मग कुठल्या दाईकडे पाठवलं, दाईला किती दिले. सगळं. वहीचं नावच दाया आणि मुलं असं होतं. मी जेव्हा वाचलं की फाटकं दुपटंसुद्धा नोंदवायचे तेव्हा मला त्या कारकुनाबद्दल फार वाटलं. आजही केसपेपर इतका नीट असेलच असं नाही.

दाया बऱ्याचशा डोंगराकडच्या खेड्यांतल्या, मुजेल्लो, कासेन्तिनो वगैरे. करार दाईच्या नवऱ्याशी व्हायचा, पैसे त्याच्या हातात. दूध तिचं, सही त्याची! मूल जगलं तर काही वर्षांनी परत आश्रमात. बरीच मुलं जगायची नाहीत, मृत्यूचं प्रमाण भयानक होतं, दुष्काळात नि साथीत तर जास्तच, कारण तेव्हाच टाकलेल्या मुलांची संख्या वाढायची आणि तेव्हाच दायांना द्यायला पैसे नसायचे. मुलांपेक्षा मुली जास्त टाकल्या जायच्या, हे सांगायला नकोच. जगलेल्या मुलींना रेशमाचं काम शिकवायचे, आणि ते रेशीम गिल्डच्याच धंद्यात जायचं, त्यामुळे खडूफळा म्हणतात तो धागा इथेही आहेच. पण मुलीला हुंडा जमवून देऊन लग्न लावून देणं हीसुद्धा आश्रमाची जबाबदारी होती, आणि जिचं लग्न झालं नाही ती म्हातारी होईपर्यंत तिथेच राहू शकायची. अशा बायकांची संख्या इतकी वाढली की सोळाव्या शतकात आश्रम कर्जात बुडाला.

आता खरी गोष्ट जी गाईड सांगत नाहीत. ही मुलं होती कोणाची? गरीब बायकांची होतीच, पण सुरुवातीच्या काळात बऱ्याच मुलांच्या आया मोठ्या घरांतल्या मोलकरणी आणि गुलाम बायका होत्या, आणि बाप त्याच घरातला मालक नाहीतर मालकाचा मुलगा. प्लेगनंतर माणसं कमी पडली म्हणून 1360 च्या दशकात फ्लॉरेन्सने बाहेरून, ख्रिस्ती नसलेल्या देशांतून गुलाम आणायला परवानगी दिली होती, काळ्या समुद्राकडून तार्तार, सिर्कासियन पोरी विकत आणायचे. त्यांच्या पोटी मालकाचं मूल झालं की ते इन्नोचेंतीत, आणि त्या बाईला दुसऱ्या घरात दाई म्हणून भाड्याने दिलं की मालकाला वर कमाई. म्हणजे शहरातले प्रतिष्ठित लोक एका हाताने आश्रमाला देणगी देत होते आणि त्यांच्यातल्याच काहींच्या घरातून तिथे बाळं येत होती. दातिनीची जिनेव्हरा ह्यातून वाचली कारण मार्गेरिताने तिला पदरात घेतलं. सगळ्यांच्या नशिबी मार्गेरिता नव्हती.

आणि तरीसुद्धा मी म्हणेन की ते दार उघडं होतं हे फार मोठं होतं, कारण नसतं तर आर्नो नदी होती. आता तिथल्या म्युझियममध्ये छोटे छोटे ड्रॉवर आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या मुलांसोबत सापडलेल्या खुणांचे. अर्धं कापलेलं पदक, मणी, रिबिनीचा तुकडा, देवाच्या चित्राचा फाडलेला अर्धा भाग. दुसरा अर्धा आईकडे, कधी परिस्थिती सुधारली तर जुळवून मूल मागता येईल म्हणून. ती खिडकी 30 जून 1875 ला बंद झाली, आणि शेवटच्या मुलाचं नाव ठेवलं उल्तिमो लाशाती, म्हणजे टाकलेल्यांतला शेवटचा. आयुष्यभर ते नाव घेऊन फिरायचं त्या पोराने. मला ह्याची अजूनही चीड येते.

कऱ्हाकाठची

निशिगंधाताई, ड्रॉवर आम्ही बघितले, आई एकेक उघडून बघत होती. पण गुलाम बायकांचं मला काहीच माहीत नव्हतं, तिथे पाटीवर असेलही पण लक्षात राहिलं नाही. आज आईला वाचून दाखवते. सान मार्तिनोबद्दल कोणी सांगेल का, तो प्रश्न तसाच राहिलाय.

ओसरी

सान मार्तिनोबद्दल मी लिहितो. आणि काकूंना माझा नमस्कार सांगा, त्यांचा मुद्दा रास्त आहे पण माझं मत थोडं वेगळं आहे.

1442 मध्ये सान मार्कोच्या मठाचे प्रमुख आंतोनिनो, पुढे फ्लॉरेन्सचे आर्चबिशप झाले आणि नंतर संत, त्यांनी बारा नागरिक गोळा केले. बुओनोमिनी म्हणजे भली माणसं, त्यावरून मंडळीचं नाव. नियम असा घातला की पैसा साठवायचा नाही. कोणी घर दिलं, शेत दिलं, तर विकून टाका आणि वाटून टाका. मालमत्ता आली की तिच्यामागे भांडणं येतात आणि सरकारचा डोळा येतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, ओरसानमिकेलेचं उदाहरण डोळ्यासमोर होतंच. पैसे अगदीच संपले की दारात मेणबत्ती लावायची, म्हणजे शहराला कळायचं की पेटी रिकामी आहे. ही पद्धत मला जगातल्या कुठल्याही फंडरेझिंगपेक्षा भारी वाटते.

आता द्यायचे कोणाला. गाईड लोक सांगतात ते उमराव घराणी, राजकारणात बुडालेली वगैरे. त्यात थोडं तथ्य आहे. 1434 नंतर शहराची सूत्रं हातात आलेल्या कोझिमो दे मेदिची ह्या पेढीवाल्याने विरोधकांना हद्दपार केलं, करांनी पिळून काढलं, फ्लॉरेन्सचाच एक इतिहासकार पुढे म्हणाला की मेदिची खंजिराच्या जागी कर वापरायचे. आणि ह्याच बुओनोमिनींच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या देणग्यांमध्ये मोठा वाटा कोझिमोचा. हे सगळं मिळून काय ते समजून घ्या. त्याचा नातू लोरेन्झो लिहून गेलाय की 1434 ते 1471 मध्ये घराण्याने इमारती, दानधर्म आणि कर मिळून 6,63,755 फ्लोरिन खर्च केले, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट राज्याच्या मानाला शोभेल असा तो खर्च झाला म्हणतो. दान आणि सत्ता ह्यांचं खातं त्या घराण्याने एकच ठेवलं होतं.

पण वह्यांमध्ये बघितलं तर मदत घेणारे बहुतेक साधे कारागीर निघतात. विणकर, चांभार, रंगारी, असले लोक. हातात काम असेल तर घर चालतंय, पण बायको बाळंत झाली, नवरा आजारी पडला, मंदी आली, की महिन्याभरात चूल बंद. असा माणूस चर्चच्या दारात कटोरा घेऊन बसला की दुसऱ्या दिवशी त्याला कोणी उधार देत नाही, काम देत नाही, मुलीचं लग्न मोडतं. म्हणून गुपचूप. तिथे अब्रू हेच भांडवल होतं हो. भिकारी, वाटसरू, अनोळखी आजारी ह्यांच्यासाठी शहरात दवाखाने-धर्मशाळा होत्याच, सांता मारिया नुओव्हा तर 1288 पासून, तो काढला दांतेच्या कवितेतल्या बेआत्रिचेच्या वडिलांनी, फोल्को पोर्तिनारीने, आणि ते हॉस्पिटल आजही चालू आहे. जो ह्या दोन्हीच्या मधे अडकला त्याच्यासाठी सान मार्तिनो. वरचे-खालचे केले हे खरं, पण निम्म्या शहराला एका आजारपणात रस्त्यावर यायचा धोका होता तिथे आधीच हात धरणं हे मला शहाणपणाचं वाटतं.

तुम्ही चित्रं म्हणालात ती गिर्लांदायो ह्या चित्रकाराच्या वर्कशॉपमधल्यांनी काढलेली, 1480 च्या सुमाराची. बाळंतिणीचं चित्र आठवतंय? बाई पलंगावर उठून बसलीये, शेजारी बाळ, आणि दारात मंडळीतले लोक हातात कोंबडी, वाइन आणि बाळाला गुंडाळायचं कापड घेऊन आलेत. एका चित्रात कर्जापायी तुरुंगात पडलेल्याला सोडवतायत, तिथे पैसे मोजून घेणारा माणूससुद्धा काढलाय. एकात गरीब मुलीचं लग्न, हुंडा मंडळीने दिलेला. आणि एकात नुसतं घरातल्या वस्तूंची यादी चाललीये, पेटी उघडलीये, एक जण बसून लिहितोय. दानधर्माच्या चित्रात कारकून! मला दुसऱ्या कुठल्या शहरात असं बघितल्याचं आठवत नाही. नेहमी दाता मोठा आणि भिकारी पायाशी छोटा असं काढतात, इथे सगळे एकाच उंचीचे आहेत आणि कोझिमोसारखा कोणी मधोमध उभा नाही.

तोस्कानावासी

मी इथेच राहते फ्लॉरेन्सजवळ म्हणून एक भर घालते. मिझेरिकोर्दियाचं नाव कोणीच घेतलं नाही! 1244 पासूनची मंडळी मानतात, कथेनुसार सुरुवात हमालांनी केली, शिवी दिली की दंड, त्या दंडाच्या पैशातून आजाऱ्यांना उचलून न्यायला डोल्या घेतल्या. म्हणजे खडूफळांनी म्हटलेल्या त्याच कष्टकरी लोकांची. कथा शंभर टक्के खरी नसेल पण शहराने स्वतःबद्दल ही गोष्ट सांगायचं ठरवलं हेही काही कमी नाही. पुढे प्लेगमध्ये आजारी माणसं आणि प्रेतं उचलायचं काम ह्यांनी केलं, अंगात काळा झगा आणि तोंडावर काळी टोपी, फक्त डोळ्यांना भोकं, म्हणजे उचलणारा सरदार आहे की सुतार हे कळायला नको. ज्याच्या घरी गेले तिथे फार तर पाणी प्यायचं, बाकी काही घ्यायचं नाही. एकमेकांना म्हणायचे, देव तुला ह्याचं फळ देवो.

आज कॅथेड्रलच्या घंटाघरासमोर त्यांचं ऑफिस आहे, बाहेर ॲम्ब्युलन्स उभ्या असतात, त्यांच्यावर काम करणारे खूपसे व्हॉलंटियर, कॉलेजची पोरं, रिटायर्ड लोक. टुरिस्ट त्याच्या समोरून सेल्फी काढत जातात. आमच्या शेजारचे आजोबा वर्षानुवर्षं पेशंट उचलायला जायचे, त्यांना विचारलं तर ह्यात विशेष काय असं म्हणायचे.

खडूफळा

ओसरी, कारकुनाचा मुद्दा मान्य. बाळंतिणीच्या घरी कोंबडी घेऊन जाणाऱ्यांशी माझं भांडण नाहीच, ज्यांनी मजुरी ठरवली त्यांच्याशी आहे, आणि कधी कधी ती एकच माणसं होती एवढंच माझं म्हणणं. मिझेरिकोर्दियाचं वाचून बरं वाटलं.

कऱ्हाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला दोन्ही बाजू वाचून दाखवल्या, ती म्हणतेय सान मार्तिनोवरचा राग थोडा कमी झाला पण त्या मालक लोकांवरचा वाढला. तिचा एक प्रश्न आहे, निशिगंधाताईंना. वहीत फाटकं दुपटंसुद्धा लिहायचे तर आईचं नाव लिहायचे का? त्या गुलाम बायकांची नावं सापडतात का?

निशिगंधा

काही ठिकाणी सापडतात. मूल आणणारा माणूस जे सांगेल ते कारकून लिहायचा, त्यामुळे अमक्याच्या घरातल्या गुलाम बाईचं मूल अशी नोंद असते, म्हणजे मालकाचं नाव आधी. कधी पुढे तिचं नाव. पण ते नाव लुचीया, मार्ता, माद्दालेना असलं, कारण विकत आणल्यावर बाप्तिस्मा देऊन नवीन नाव ठेवायचे. आईबापांनी ठेवलेली त्यांची नावं त्या वहीत येणार कुठून, ती विचारायलाच कोणाला सुचलं नसणार. ह्या वह्या अजून त्याच इमारतीत आहेत आणि अभ्यासक त्यावर काम करतात. काकूंना सांगा, त्यांनी विचारलेलाच प्रश्न घेऊन अभ्यासक त्या नोंदी पुन्हा चाळतायत.